दुसऱ्या मंगळवारनंतरचा बुधवार : गावातला संगणक आणि अपडेटचा इतिहास

मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज या संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या सुरक्षा दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध होतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात आणि आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, थंडीच्या महिन्यांत साडेअकरा. गावातला संगणक त्या वेळी बंद असतो. त्यामुळे या दुरुस्त्या गावात पोहोचतात त्या बुधवारी सकाळी, सेवा केंद्राचे शटर वर गेल्यानंतर. यवतमाळ जिल्ह्यातील ज्या गावाच्या अनुभवावर हे टिपण मुख्यतः आधारलेले आहे, तिथे आठवडी बाजार बुधवारीच भरतो आणि आसपासच्या सात-आठ वाड्या-तांड्यांवरची माणसे दाखले, सातबारा आणि अर्जांची कामे त्याच दिवशी उरकून घेतात. संगणक स्वतःला अपडेट कधी करतो आणि ती वेळ कोण ठरवतो, हा प्रश्न इथे त्यामुळे तांत्रिक राहत नाही.

या विषयात पहिला गुंता शब्दाचा आहे. 'अपडेट' हा शब्द गावात रुळला तो आधार कार्डामुळे आणि बँकेच्या पासबुकामुळे. पत्ता बदलला, मोबाइल क्रमांक जोडला, लहान मुलाच्या बोटांचे ठसे पुन्हा दिले, की त्याला अपडेट म्हणतात. केंद्रचालकाने "अपडेट सुरू आहे, थोडं थांबा" असे म्हटले की रांगेतल्या माणसाला ते आपल्याच कागदाविषयी वाटते. "माह्यं अपडेट होऊन रायलं का जी?" हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे आणि "नाही मावशी, तुमचं नाही, मशीनचं होऊन रायलं" हे उत्तर ऐकून उतरलेले चेहरेही पाहिले आहेत. पडद्यावरच्या मराठीत 'अद्यतन' असा शब्द दिसतो, तर कार्यालयीन पत्रांत 'अद्ययावत करणे' असे लिहितात. दोन्हींच्या मुळाशी 'अद्य' म्हणजे आज हेच आहे. पहिल्याचा अर्थ आजचे, दुसऱ्याचा आजपर्यंतचे. बोलण्यात मात्र यांपैकी एकही शब्द येत नाही.

खरा घोटाळा पुढे आहे. प्रणालीतील एखादी फट बुजवणारी छोटी दुरुस्ती, जिला ठिगळ म्हणता येईल, आणि संपूर्ण प्रणालीच बदलून नवी आवृत्ती बसवणे, म्हणजे अपग्रेड, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छताचे एक कवेलू बदलणे आणि घर पाडून नवे बांधणे यांत जेवढा फरक आहे, तेवढाच या दोहोंत आहे. २०१५ आणि २०१६ या दोन वर्षांत हा फरक जाणूनबुजून पुसट केला गेला, असे माझे मत आहे. त्या निर्णयाकडे येण्याआधीचा काळ थोडक्यात सांगतो.

विंडोज ९८ बरोबर अपडेटचे संकेतस्थळ आले. वापरणाऱ्याने तिथे स्वतः जाऊन काय हवे ते उतरवून घ्यायचे, अशी ती रीत होती. २००० साली आपोआप अपडेटची सोय आली. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा 'वर्म', म्हणजे एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप शिरणारा घातक कार्यक्रम, जगभर पसरला, तेव्हा त्याच्यावरची दुरुस्ती उपलब्ध होऊन जवळपास महिना झाला होता, पण लोकांनी ती बसवलेलीच नव्हती. ऑक्टोबर २००३ पासून दुसऱ्या मंगळवारची प्रथा पडली आणि ऑगस्ट २००४ मधील विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने, म्हणजे दुरुस्त्यांच्या मोठ्या गठ्ठ्याने, आपोआप अपडेट चालू ठेवण्याचा आग्रह धरला. त्या पॅकचा पूर्ण आकार २६६ एमबी होता. ५६ केबीपीएसच्या मोडेमवर, ओळ एकदाही न तुटता, त्याला दहा तासांहून जास्त वेळ लागला असता. भारनियमनाच्या त्या वर्षांत विदर्भातल्या खेड्यात सलग दहा तास वीज आणि दूरध्वनी दोन्ही मिळणे अशक्यच होते, म्हणून अपडेट हा प्रकार गावात फारसा कोणाला ठाऊकच झाला नाही. तालुक्याच्या ठिकाणी संगणक जोडून देणारे दुकानदार प्रणालीची फुकट नक्कल टाकून देत आणि जाताना "अपडेट बंद करून ठेवलं आहे, चालू करू नका" असे बजावत. अनेकांचे संगणक-शिक्षण या एका वाक्यापासून सुरू झाले.

२९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० आले आणि वर्षभर फुकट अपग्रेड देऊ केले गेले. आधीच्या प्रणालीवर अपडेटच्याच वाटेने एक छोटा कार्यक्रम उतरवला गेला, जो घड्याळाशेजारी बसून नव्या आवृत्तीचे आमंत्रण देत राही. फेब्रुवारी २०१६ मध्ये या अपग्रेडचा दर्जा 'ऐच्छिक'वरून 'शिफारस केलेले' असा बदलला. याचा परिणाम असा झाला की ज्यांनी शिफारस केलेले अपडेट आपोआप घेण्याची परवानगी दिली होती, त्यांच्या संगणकावर संपूर्ण नवी प्रणाली न विचारता उतरू लागली. त्याच वर्षी मे महिन्यात चौकटीच्या कोपऱ्यातील फुलीचा अर्थही बदलला. फुली दाबली की चौकट बंद होई, पण ठरवून दिलेल्या वेळेचे अपग्रेड रद्द होत नसे. फुली म्हणजे नको, ही संगणक हाताळणाऱ्याने पहिल्या दिवशी शिकलेली गोष्ट होती. स्पष्ट नकाराचे बटण जूनच्या अखेरीस जाहीर झाले, तेव्हा फुकट मुदतीचा महिनाच उरला होता. कॅलिफोर्नियातील एका महिलेने न मागता आलेल्या अपग्रेडमुळे व्यवसायाचा संगणक निकामी झाल्याचा दावा केला आणि तिला १० हजार डॉलर मिळाले. कंपनीच्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्याने पुढे आपण मर्यादा ओलांडल्याचे मान्य केले.

शहरात बसून पाहिले तर ही तक्रार संमतीपुरती वाटते. गावात तिचा संबंध खिशाशी होता. ते अपग्रेड साधारण ३ जीबीचे होते आणि सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइल डेटा एकाएकी स्वस्त होण्यापूर्वी एका जीबीला दोनशे-अडीचशे रुपये मोजावे लागत. डोंगलचा किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटचा डेटा मोजून वापरणाऱ्या केंद्रचालकाचा महिन्याचा पॅक एका रात्रीत संपे आणि कशाने संपला हेही त्याला कळत नसे. विंडोज ८ पासून प्रणालीत 'मीटर्ड कनेक्शन' नावाची, डेटा मोजका आहे असे संगणकाला कळवण्याची सोय होती, पण हॉटस्पॉटसाठी ती आपणहून चालू करावी लागे. संगणक हॉटस्पॉटला घरच्या अमर्याद वायफायसारखेच समजत असे. या सोयीची माहिती आमच्याकडे एकमेकांना सांगूनच पसरली.

विंडोज १० च्या घरगुती आवृत्तीत अपडेट नाकारण्याचा मार्गच ठेवला नव्हता. मागे चालणाऱ्या कामांच्या, म्हणजे सर्व्हिसेसच्या, यादीत जाऊन अपडेट बंद केले, तरी काही दिवसांनी ते आपोआप चालू झालेले दिसे. ऑगस्ट २०१६ मध्ये 'सक्रिय तास' आले, म्हणजे या वेळेत संगणक स्वतःहून पुन्हा सुरू होणार नाही, अशी हमी. मूळ ठरलेली वेळ सकाळी ८ ते संध्याकाळी ५ अशी होती आणि सुरुवातीला ही मर्यादा अठरा तासांपर्यंत वाढवता येत नव्हती. ती मुभा २०१७ मध्ये मिळाली. कामाची वेळ विजेच्या येण्या-जाण्यावर अवलंबून असलेल्या केंद्रात, जिथे कधी पहाटे पाचला तर कधी रात्री दहाला अर्ज भरले जातात, तिथे ही कल्पना कितपत उपयोगी होती, हे वेगळे सांगायला नको.

ऑगस्ट २०१७ मधला दुसरा बुधवार मला आठवतो. कर्जमाफीचे ऑनलाइन अर्ज सुरू होते, नवरा-बायको दोघांचे आधार आणि अंगठे लागत होते, म्हणून निंदणाची मजुरी बुडवून बायका आल्या होत्या. मी त्या काळात केंद्रात मदतीला बसत असे. एका काकाजींचा अंगठा तिसऱ्यांदा घेऊन अखेर जुळला आणि त्यांच्या पत्नीचा हात यंत्रावर असताना पडदा निळा झाला. टक्केवारी मोजणारा गोल फिरू लागला आणि खाली संगणक बंद न करण्याची सूचना आली. तीस टक्क्यांवर लाइन गेली. इन्व्हर्टरची बॅटरी आदल्या रात्रीच उतरली होती. लाइन आल्यावर संगणकाने आधी अर्धवट बसवलेले सारे काढून टाकले आणि पुन्हा तेच सुरू केले. यात दुपारचे दोन वाजले आणि काकाजींची शेवटची बस गेली. दुसऱ्या दिवशी ठसे घेणाऱ्या यंत्राचा ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र संगणकाकडून चालवून घेणारा छोटा कार्यक्रम, चालेना, तोही नव्याने बसवावा लागला.

तरीही अपडेट बंद ठेवणाऱ्या दुकानदाराचा सल्ला बरोबर होता, असे मी म्हणणार नाही. त्याच वर्षी १२ मे रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर प्रणालीने दीडशेच्या आसपास देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक कुलूपबंद केले. तिने वापरलेली फट बुजवणारी दुरुस्ती १४ मार्चलाच आलेली होती. एक्सपीचा आधार, म्हणजे कंपनीकडून दुरुस्त्या मिळणे, ८ एप्रिल २०१४ रोजी संपला होता, तरी हल्ल्यानंतर त्यासाठीही खास दुरुस्ती काढावी लागली. शेतकऱ्यांचे आधार क्रमांक आणि खाते क्रमांक ज्या संगणकात दिवसभर टंकले जातात, तो उघडा ठेवणे हा लोकांवर अन्याय आहे. माझा आक्षेप अपडेटला नाही, वेळ ठरवण्याचा हक्क काढून घेण्याला आहे.

इतर कार्यक्रमांचे अपडेट हा आणखी वेगळा पसारा. २००८ मध्ये आलेल्या क्रोम या ब्राउझरने गाजावाजा न करता मागच्या मागे अपडेट होण्याची पद्धत रूढ केली. काही संकेतस्थळांना लागणाऱ्या जावा या कार्यक्रमाच्या अपडेटबरोबर मात्र अनेक वर्षे एक नको असलेला टूलबार, म्हणजे ब्राउझरवर बसणारी बटणांची पट्टी, चिकटून येई, म्हणून लोक जावाची सूचना दिसली की डोळे झाकून ती बंद करत. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमने आणि मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरने जावाला जागा देणारे जुने प्लगइन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे भाग, बंद केले. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच होते, पण ई-निविदा आणि डिजिटल सहीची कामे तेव्हा जावावरच चालत. ग्रामपंचायतींच्या संगणक परिचालकांनी यावर तोडगा काढला तो असा की फायरफॉक्सची जुनी आवृत्ती पेनड्राइव्हवर जपून ठेवायची, तिचे अपडेट बंद करायचे आणि सहीपुरतीच ती उघडायची. तो पेनड्राइव्ह तालुकाभर फिरत असे.

सगळ्या कार्यक्रमांची यादी तपासून जुने कोणते ते सांगणारी स्वतंत्र साधनेही होती. सेक्युनिया पीएसआय हे त्यांतले नावाजलेले, पण एप्रिल २०१८ मध्ये ते बंद झाले. निनाइट एका फाइलमध्ये अनेक कार्यक्रम टूलबाराविना बसवून देते. 'ड्रायव्हर अपडेटर' या नावाने फिरणाऱ्या, भीती दाखवून पैसे मागणाऱ्या कार्यक्रमांपासून मात्र अजूनही सावध राहावे लागते. लिनक्स या मुक्त प्रणालीच्या डेबियन या प्रकारात एका आज्ञेने सगळे अद्ययावत करण्याची सोय १९९९ पासून आहे. विंडोजमध्ये विंगेटच्या रूपाने तशी सोय पूर्णत्वाने यायला मे २०२१ उजाडले.

पुढच्या घडामोडी वेगाने झाल्या. ऑक्टोबर २०१८ च्या मोठ्या अपडेटने काहींच्या कागदपत्रांच्या फाइलीच पुसल्या, म्हणून ते दिवसांतच मागे घेऊन नोव्हेंबरमध्ये पुन्हा द्यावे लागले. मे २०१९ च्या अपडेटने घरगुती आवृत्तीलाही ३५ दिवसांपर्यंत थांबण्याची मुभा दिली आणि त्याच अपडेटने उच्चारानुसार मराठी टंकण्याचा कळफलकही आणला, ज्यावर आज गावातली कितीतरी पोरे लिहितात. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा कार्यक्रमाच्या सदोष अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले. आमच्या केंद्रांना त्याची झळ लागली नाही, कारण तो महागडा कार्यक्रम इथे कोणाकडे नव्हता.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा असल्यास साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आमच्या भागातल्या केंद्रांतले बरेच संगणक त्याआधीचे आहेत. नोंदणी केल्यास ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळतात, पण त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे खाते लागते, आणि केंद्रातल्या सामायिक संगणकावर ते खाते कोणाच्या नावाने उघडायचे, हा प्रश्न सध्या परिचालकांच्या गटात रोज चर्चेला येतो.