50 हर्ट्झचे 40 करून बघा

महापेला आमच्या ऑफिस बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या एएचयूचा डँपर, म्हणजे हवा कमी-जास्त सोडणारी पत्र्याची झडप, कित्येक वर्षं तारेने बांधून अर्धा बंद ठेवलेला होता. एएचयू म्हणजे सेंट्रल एसीची थंड हवा मजल्यावर सोडणारा तो मोठा पत्र्याचा डबा, आत पंखा आणि गार पाण्याची कॉइल. तार का बांधली, तर हवा जास्त येते, लोकांना गार लागतं. मी टाँग टेस्टर (वायरभोवती लावून करंट मोजायचं मीटर) लावून बघितलं, डँपर निम्मा बंद असूनही मोटरचा करंट फारसा उतरलेलाच नव्हता, म्हणजे पंप चालू ठेवून पाइपवर पाय देऊन उभं राहायचं तसलाच प्रकार.

डँपर पूर्ण उघडून व्हीएफडी (मोटरला मिळणाऱ्या विजेची फ्रिक्वेन्सी, म्हणजे हर्ट्झ, बदलून तिचा स्पीड कमी-जास्त करणारं उपकरण) लावला आणि 50 हर्ट्झवरून 40 वर आणला की काय होतं बघा. पंख्याचा स्पीड 80 टक्के झाला, हवा पण 80 टक्के झाली, पण दाब स्पीडच्या वर्गाने उतरतो त्यामुळे तो 64 टक्क्यांवर येतो, आणि पंख्याला लागणारी वीज म्हणजे या दोघांचा गुणाकार, ती थेट 51 टक्के! पूर्ण लोडवर 11 किलोवॅट घेणाऱ्या मोटरला साडेपाच-सहा किलोवॅट पुरतात. दिवसाचे 10 तास आणि महिन्याचे 25 दिवस धरा, व्हीएफडीत जाते ती थोडी वीज वजा करा, तरी एका पंख्यामागे महिन्याला साधारण 1300 युनिट वाचतात. मजले किती आहेत ते तुम्हीच मोजा. फक्त गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाला हे गणित लावू नका, तिथे उंचीचा दाब स्पीड कमी केला म्हणून कमी होत नाही.

एसी 24 वर ठेवा हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, 2020 पासून स्टार रेटिंगवाल्या नवीन एसीचं डीफॉल्ट सेटिंगच 24 आहे आणि एक अंश वाढवला की एसीची साधारण 6 टक्के वीज वाचते असं बीईई (केंद्र सरकारची ऊर्जा बचतीची संस्था) सांगतं. पण नवी मुंबईत खाडी शेजारी, जूनपासून हवा नुसती ओली, इथे तापमानापेक्षा दमट हवा जास्त वीज खाते. हवेतल्या बाष्पाचं लिटरभर पाणी करायला जवळपास 2400 किलोज्यूल उष्णता काढावी लागते, आणि तेच लिटरभर पाणी 30 अंशांवरून शून्यापर्यंत गार करायला फक्त 125. म्हणून पावसाळ्यात लॉबीचं काचेचं दार विटेचा तुकडा लावून उघडं ठेवलेलं दिसलं ना की मला खरंच त्रास होतो, वॉचमनला समजावून सांगतो, तो लगेच ऐकतो, बिचाऱ्याला कोणी कधी सांगितलेलंच नसतं.

एलईडी सगळीकडे लागलेत, चांगलंच झालं, पण चोकवाल्या ट्यूबलाइट गेल्या आणि त्यांच्यासाठी बसवलेले जुने फिक्स कपॅसिटर पॅनेलमध्ये तसेच राहिले असं बऱ्याच ठिकाणी असतं. रात्री लोड उतरला की हे कपॅसिटर जास्त होतात आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतला खरं काम करणारा वाटा, लीडिंगला जातो, म्हणजे उलट्या बाजूने बिघडतो. महावितरणचं एचटी (हाय टेन्शन, मोठ्या ग्राहकांचं) बिलिंग एप्रिल 2020 पासून केव्हीएएचवर, म्हणजे युनिटला पॉवर फॅक्टरने भागून येणाऱ्या आकड्यावर आहे, त्यात लीडिंगचे पण पैसे लागतात. पॉवर फॅक्टर 0.9 असेल तर 1000 युनिट वापरून बिल 1111 चं येतं. एपीएफसी पॅनेल (कपॅसिटर गरजेप्रमाणे आपोआप जोडणारं-सोडणारं) नीट चालतंय का, कपॅसिटरच्या स्टेप आपोआप सुटतायत का, एवढं इलेक्ट्रिशियनला रात्री एकदा थांबून बघायला सांगा.

आणि काहीच खर्च न करता करायचं असेल तर शनिवारी ऑफिस सुटल्यावर मीटरचं रीडिंग घ्या, सोमवारी कोणी यायच्या आधी परत घ्या, मधले सगळे युनिट रिकाम्या बिल्डिंगने वापरलेले असतात. सर्व्हर, फायर पॅनेल, जिन्यातले लाइट, कॅमेरे सोडून आणखी काय चालू होतं ते शोधत जायचं, एकेक फीडर (पॅनेलमधून निघणारी वीजलाइन) बघत. आमच्याकडे बेसमेंट पार्किंगचे एक्झॉस्ट फॅन निघाले, रविवारी एकही गाडी नसताना दोन्ही फुल स्पीडवर. आता कार्बन मोनॉक्साइड सेन्सर लावलाय, गाड्या आल्या आणि धूर वाढला की फॅन आपोआप चालू होतात.