बालनाट्य वेगळं, तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचं म्युझिकल वेगळं

“सर, जेसन रॉबर्ट ब्राउन बालनाट्याकडे कधी वळला हो?” हा प्रश्न मी सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिराच्या पायऱ्यांवर ऐकलाय, तालमीत ऐकलाय, पार्क चौकात चहा पिताना ऐकलाय. ब्राउन हा अमेरिकी संगीतकार, म्युझिकल म्हणजे गाण्यांतून गोष्ट सांगणारी नाटकं करणारा. विचारणारी मुलंमुली त्याची चाहती आहेत, अडाणी नाहीत. त्याच्या ‘द लास्ट फाइव्ह इयर्स’मध्ये कॅथीची गोष्ट शेवटाकडून मागे येते, जेमीची सुरुवातीपासून पुढे जाते आणि दोघं फक्त लग्नाच्या प्रसंगात एकमेकांना भेटतात, हे त्यांना पाठ आहे. त्याचंच ‘परेड’ त्यांनी जीव लावून ऐकलंय. अटलांटात १९१३ साली लिओ फ्रँक या ज्यू माणसावर चाललेला खुनाचा खटला आणि १९१५ साली जमावानं त्याला दिलेली फाशी, असा विषय पेलणारा हा संगीतकार. आणि त्याच्या नावावर एकदम बारा-तेरा वर्षांच्या पोरांचं ‘थर्टीन’ हे म्युझिकल दिसलं की ती बिचकतात. आपला माणूस पोरखेळात गेला, असं त्यांना वाटतं.

आधी एक दुरुस्ती करून टाकतो. आपल्याकडे बहुतेकांना हे नाव २०२२ साली नेटफ्लिक्सवर आलेल्या चित्रपटामुळे कळलं, म्हणून ते त्यांना नवं वाटतं. नाटक आधीचं आहे. २००७ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या मार्क टेपर फोरममध्ये ते पहिल्यांदा झालं आणि ऑक्टोबर २००८ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर, आलं. संहिता डॅन एलिश आणि रॉबर्ट हॉर्न यांची, गाणी ब्राउनची.

बालनाट्य म्हणजे काय, हे सोलापुरात कुणाला शिकवायला नको. सुट्टीतलं शिबिर, शाळेचं गॅदरिंग, राज्य बालनाट्य स्पर्धा, राक्षस, चेटकीण, बोलणारं झाड, पुठ्ठ्याचा मुकुट. १९५९ साली सुधा करमरकरांनी ‘लिटल थिएटर’ उभं केलं, रत्नाकर मतकरींनी लिहिलं, आणि तिथून मराठी बालरंगभूमीला स्वतःचा चेहरा मिळाला. त्या नाटकांत मोठी, कसलेली नटमंडळी लहान प्रेक्षकांसाठी जीव तोडून काम करत, आणि ते योग्यच होतं. बालनाट्य कुठल्याच अर्थानं हलकं नाही. माझी तक्रार एवढीच, की ज्या कशात लहान वयाचं माणूस दिसेल त्यावर आपण ‘बालनाट्य’ ही चिठ्ठी चिकटवतो.

अंक किती, वेळ किती, नेपथ्य किती, पोस्टरवर कुठलं वय छापलंय, हे सगळं बाजूला ठेवा. त्यानं काही ठरत नाही.

घोळ एका शब्दात आहे: ‘साठी’. बालनाट्य हे प्रेक्षकाच्या वयावरून ओळखलं जातं. ते मुलांसाठी असतं. करणारे पंचेचाळीस वर्षांचे असले तरी चालतं. ‘थर्टीन’सारखं म्युझिकल ओळखायचं ते रंगमंचावर गाणाऱ्याच्या वयावरून. प्रेक्षागृहात कोण बसलंय हा तिथे दुसरा प्रश्न. ब्रॉडवेवर या नाटकात सगळे नट किशोरवयीन होते आणि साथीला बसलेली वादक मंडळीसुद्धा त्याच वयाची. एकही मोठा माणूस पात्र म्हणून समोर येत नव्हता. आईवडिलांचा घटस्फोट, न्यूयॉर्क सोडून इंडियानातल्या छोट्या गावात येणं, नव्या शाळेत कुणाच्या टोळीत घुसायचं आणि त्यासाठी कुणाला दगा द्यायचा, हे सगळं मुलंच बोलतात आणि मुलंच निस्तरतात. चित्रपटात आई, आजी, वडील अशी मोठी माणसं आणली आहेत. मला तो बदल पटत नाही. मोठं माणूस खोलीत आलं की मूल वेगळं बोलतं, आणि या नाटकाचा जीव मोठं माणूस खोलीत नसताना मुलं काय बोलतात यात आहे.

आपल्या रंगभूमीलाही हे अनोळखी नाही. बालमोहन नाटक मंडळी ही मुलांची कंपनी होती. छोटा गंधर्व कोवळ्या वयात तिथे दाखल झाले. त्याच कंपनीनं १९३३ साली अत्र्यांचं ‘साष्टांग नमस्कार’ रंगभूमीवर आणलं. ते काही मुलांसाठी लिहिलेलं नाटक नव्हे, आणि कंपनी मुलांची म्हणून त्याला कुणी बालनाट्य म्हणत नाही. म्हणजे रंगमंचावरचं वय आणि प्रेक्षागृहातलं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या आजोबा-पणजोबांना न सांगता कळत होतं.

आता खरी मेख. संगीतकाराच्या दृष्टीनं या दोन प्रकारांत काय फरक पडतो? इथेच ब्राउनचे चाहते चुकतात. त्यांचा हिशेब असा: पोरांसाठी लिहायचं म्हणजे चाली सोप्या, चाली सोप्या म्हणजे संगीतकार खाली उतरला.

मी पेटी वाजवतो, मुलांची गाणी बसवतो. त्यामुळे सोपं-अवघड या शब्दांआधी मला पट्टी दिसते, म्हणजे पेटीवरच्या कुठल्या काळ्या-पांढऱ्या पट्टीला षड्ज धरून गळा मोकळा गातो ते. नऊ-दहा वर्षांचा मुलगा काळी चारमध्ये मोकळा गातो, वरचा षड्ज त्याला हसतखेळत मिळतो. अठरा वर्षांचा झाला की तोच मुलगा काळी एकमध्ये स्थिरावतो. मधली दोन-तीन वर्षं त्याच्याकडे धड एकही पट्टी नसते. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि मुलाचा आवाज साधारण एक सप्तक खाली येतो. आपण म्हणतो आवाज फुटला. पण तो एका रात्रीत फुटत नाही. सोमवारी लागलेला पंचम गुरुवारी सापडत नाही. मुलींचाही आवाज बदलतो, फक्त उतरतो दोन-तीन स्वर, आणि मधल्या काळात त्यात हवा मिसळते. ते कुणाच्या लक्षात येत नाही आणि मुलीला उगाच ‘जोर लाव’ म्हणून ओरडा बसतो.

बालनाट्याच्या संगीतकारापुढे ही अडचण सहसा येत नाही. त्याच्याकडे एकतर मोठा गायक असतो, नाहीतर आवाज न फुटलेली लहान मुलं एका सुरात गाणारी. तेरा-चौदाच्या म्युझिकलमध्ये मात्र मुख्य भूमिकेतल्या मुलाचा गळा आज एक आणि पुढच्या महिन्यात दुसरा. त्यात म्युझिकल असल्यामुळे गाणं टाळता येत नाही. गद्यात सांगता येणार नाही अशी गोष्ट आली की पात्र गातं, हा त्या प्रकाराचा कणा. गाणं काढलं तर कथाच पुढे सरकत नाही.

दोन वर्षांपूर्वीचा एक प्रसंग सांगतो. आम्ही शाळकरी मुलांचं एक छोटं संगीत नाटक बसवत होतो, आमचंच, आमच्याच चालींचं. मुख्य भूमिकेत साखर पेठेतला एक आठवीतला मुलगा. घरी तेलुगू, मित्रांत सोलापुरी, रंगमंचावर स्वच्छ मराठी. पहिल्या आठवड्यात सुरेल गायला. तिसऱ्या आठवड्यात वरच्या गंधारावर आवाज कोंबड्यासारखा गेला आणि सगळी पोरं हसली. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. जवळ गेलो तर हळूच म्हणाला, “सर, फुटूलालाय ओ माझा आवाज. मला काढा, दुसऱ्याला घ्या.”

तालमीला आलेल्या एका जाणत्या गृहस्थांनी लगेच उपाय सुचवला: गाणं एखाद्या मुलीकडून रेकॉर्ड करून घ्या, हा नुसते ओठ हलवेल. हा उपाय मी सोलापुरात अनेक ठिकाणी पाहिलाय आणि मला तो मनापासून खटकतो. लाकूडतोड्याच्या गोष्टीत तो खपेल. पण आपण मोठे व्हायला लागलोय आणि कुणाला सांगता येत नाही, असं गाणाऱ्या पात्राला उसना आवाज लावला की उरतं काय?

मी त्याला पेटीजवळ बसवलं आणि त्याच्याकडे नेमकं काय शिल्लक आहे ते मोजलं. पांढरी तीनपासून काळी पाचपर्यंत. काळ्या-पांढऱ्या मिळून सलग सात पट्ट्या, बस्स. त्याच्या वर किंचाळी, त्याच्या खाली नुसती हवा. मूळ चाल षड्जापासून वरच्या गंधारापर्यंत जात होती. ती त्या सात पट्ट्यांत बसवली. मग गाणं सपाट वाटायला लागलं. म्हणून लय हलवली: शब्द समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचे ते अर्धी मात्रा आधी उचलले, आणि दुसऱ्या ओळीत श्वासाला जागा न ठेवता शब्द भरले. घाबरलेलं पोर जसं भरभर बोलतं, तसं. गाणं सोपं झालं नाही. अवघडपणा उंचीतून काढून लयीत ठेवला. त्याला ते चार दिवसांत आलं, कारण या वयाच्या मुलांची लय तिखट असते. गळा दगा देतो, पाय आणि हात देत नाहीत.

ब्राउनकडे आता या नजरेनं बघा. त्याची ताकद मुळातच लयीत आहे. पियानो जागेवर बसू देत नाही, शब्द गच्च, ताल सरळ वाटता वाटता बाजूला सरकतो. ‘थर्टीन’चं संगीत पॉप-रॉक वळणाचं आहे, पण ती चपळाई गेलेली नाही, आणि ते वाजवायला त्यानं मुलंच बसवली. मुलांना जमणार नाही असं मानणारा माणूस त्यांच्याच हातात गिटार आणि ड्रम देऊन ब्रॉडवेवर उभा करत नाही. त्या पहिल्या संचात शार्लटच्या छोट्या भूमिकेत आरियाना ग्रँडे होती, तिचं ब्रॉडवेवरचं ते पदार्पण. पुढे ती कुठे गेली ते जगाला माहीत आहे.

विषयाबद्दलही थोडं. नायक इव्हानची बार मित्झ्वा, म्हणजे ज्यू मुलाचा वयात येण्याचा धार्मिक विधी, होऊ घातलीय. आपल्याकडे पटकन ‘त्यांची मुंज’ म्हणून मोकळे होतात. तसं म्हणू नका. मुंज मुलाला शिकायला बसवते, तीही परंपरेनं आठव्या वर्षी. बार मित्झ्वा तेराव्या वर्षी, आणि तिथून पुढे धर्माच्या दृष्टीनं तो स्वतःच्या वागण्याला स्वतः जबाबदार. त्या दिवशी मुलानं जमलेल्या समाजापुढे धर्मग्रंथातला भाग ठरलेल्या सुरात म्हणायचा असतो. वय तेरा, समोर सगळे नातेवाईक, आणि गळा ऐन फुटायच्या बेतात. म्युझिकलसाठी याहून नेमका प्रसंग मला तरी सुचत नाही. ज्यांना विषय किरकोळ वाटतो त्यांनी एवढं एकदा डोळ्यांपुढे आणावं.

बाकीच्या शंका झटपट. नाटक पडलं का? ब्रॉडवेवर १०५ प्रयोग झाले, ४ जानेवारी २००९ ला बंद झालं. आपल्याकडे शंभरावा प्रयोग म्हणजे हार-तुरे. तिथे आठवड्याला आठ प्रयोग असतात, म्हणजे हे तीन महिनेच चाललं. धंदा झाला नाही, हे खरं. पण ‘परेड’चे तर त्याहून कमी, ८४ झाले होते, आणि त्याच्याच संगीतासाठी ब्राउनला १९९९ साली टोनी, म्हणजे ब्रॉडवेचा सर्वांत मानाचा पुरस्कार, मिळालं. प्रयोगांच्या आकड्यावरून चाली जोखू नका.

मोठ्यांना बघवेल का? ज्याला आपलं आठवी-नववी आठवतंय त्याला बघवेल.

आणखी एक प्रकार यात उगाच मिसळला जातो: ‘ब्रॉडवे ज्युनियर’. गाजलेलं मोठ्यांचं म्युझिकल तासाभराचं करून, पट्ट्या बदलून शाळांना देतात, ते. उपयोगी आहे, पण ते कपडे आखूड करून घालणं. ‘थर्टीन’ मुलांच्या मापाचंच शिवलंय. आणि दोन्हींपैकी काहीही करायचं तर रीतसर हक्क घेऊन करा. उतरवलेला कराओके ट्रॅक आणि झेरॉक्सची संहिता घेऊन ‘आम्ही ब्रॉडवे केलं’ म्हणणाऱ्यांच्या कार्यक्रमाला मी जात नाही.

‘संगीत नाटक म्हणजेच म्युझिकल का’ हा वादही लोक इथे आणतात. तो मोठा आहे, १८८० च्या ‘शाकुंतला’पासून सुरू करावा लागेल, आणि या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही.

चाहत्यांची एकच शंका मला रास्त वाटते. ‘परेड’मध्ये जो काळोख आहे, तो इथे नाही. तशी गोष्टच नाही ही. काळोख हवा असेल त्यानं तेच पुन्हा ऐकावं. पण ‘थर्टीन’ ऐकायचंच असेल तर चित्रपटापासून सुरुवात करू नका. आधी ब्रॉडवेच्या संचाचं ध्वनिमुद्रण लावा. डोळे मिटा आणि शब्द नंतर समजून घ्या. आधी गळे ऐका. कुठे आवाजाची कड लागते, कुठे हवा सुटते, कुठे एखादं पोर जोरात म्हणून वेळ मारून नेतं, ते ऐका. मग चित्रपट बघा.

आमच्या साखर पेठेतल्या मुलाचा आवाज या दिवाळीत बसला. काळी एकमध्ये छान गातो, खर्जही लागायला लागलाय. परवा क्लासला आला तेव्हा मी त्याच्यासाठी ती मूळची मोठी चाल पेटीवर काढली, षड्जापासून वरच्या गंधारापर्यंतची. दोनदा गायला, बिनचूक. मग म्हणाला, “सर, ती सात पट्ट्यांतली वाजवा की.” आणि अर्धी मात्रा आधी उचलून सुरू झाला.