शनीची तीस वर्षं आणि केल्टांची तीस वर्षं

शनी एका राशीत अडीच वर्षं मुक्काम ठोकतो, राशी बारा, म्हणजे झाली ३० वर्षं. साडेसाती मोजणाऱ्याला हे सांगायला नको. युरोपातल्या प्राचीन केल्ट लोकांचं मोठं कालचक्रही ३० वर्षांचं होतं, असं कळलं की पुढचा निष्कर्ष आपोआप निघतो: त्यांचे ड्रुइड पुरोहित शनी बघूनच काळ मोजत असणार! मला हे पटत नाही.

आधी शनी. त्याची एक फेरी २९.४६ वर्षांची, म्हणजे सुमारे १०,७५९ दिवसांची. ३० सौर वर्षांचे दिवस १०,९५७. एका फेरीला साडेसहा महिन्यांचा फरक पडतो. पाच फेऱ्यांनी तो अडीच वर्षांच्या वर जातो, म्हणजे शनी चक्क एक रास पुढे गेलेला. आपली '३०' ही तोंडी हिशेबाची, पूर्णांकात बसवलेली.

केल्टांची ३० वर्षं सांगतो तो इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी. पांढऱ्या वस्त्रातला ड्रुइड ओकवर चढून सोन्याच्या कोयत्याने बांडगूळ कापतो, खाली पांढऱ्या कापडात ते झेलतात. (आपण बांडगूळ शिवीसारखं वापरतो, तिकडे त्याची पूजा.) हे व्हायचं चंद्राच्या सहाव्या दिवशी, आणि महिने, वर्षं व ३० वर्षांचं युग त्याच दिवसापासून मोजायचं. का, तर तेव्हा चंद्रात पुरेसा जोर आलेला असतो, पण तो अजून अर्धा झालेला नसतो. सगळी मांडणी चंद्रावर. शनीचा उल्लेखही नाही.

१८९७ मध्ये फ्रान्समधल्या कोलिन्यी गावाजवळ काशाच्या पत्र्याचे तुकडे सापडले, ते आता ल्योंच्या संग्रहालयात आहेत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं हे पंचांग. अक्षरं रोमन, भाषा गॉलिश, म्हणजे तिथल्या केल्टांची. प्रत्येक दिवसापाशी एक भोक, म्हणजे रोज खुंटी पुढे सरकवायची. महिना ३० किंवा २९ दिवसांचा. पहिले पंधरा दिवस झाले की मध्ये 'अतेनूक्स' हा शब्द येतो आणि मोजणी पुन्हा १ पासून सुरू होते, अगदी आपल्या दुसऱ्या पंधरवड्यासारखी. महिना २९ दिवसांचा असेल तर शेवटी १५ च्या जागी नुसतं 'दिवेर्तोमु'.

पत्र्यावर पाच वर्षं आहेत, महिने ६२: साठ नेहमीचे, दोन अधिक. आपल्या वेदांग ज्योतिषातलं युगही पाच वर्षांचं आणि ६२ चांद्रमासांचंच. पण कुणी कुणाकडून उचललं या वादात शिरायची गरज नाही. चंद्र-सूर्याचा मेळ अडीच वर्षांनी एक महिना वाढवून घालायचा म्हटलं की हाच आकडा येतो.

खरी गंमत पुढे आहे. ६२ चांद्रमास पाच सौर वर्षांपेक्षा पावणेपाच दिवसांनी जास्त भरतात. सहा वेळा हे झालं की ३० वर्षांत २८ दिवस साठतात, जवळजवळ एक महिना. तेवढ्यात एक अधिक महिना गाळला, तर उरतात ३७१ महिने, १०,९५६ दिवस. सूर्याशी फरक दीड दिवसाचाही नाही! तो गाळत असत हा अभ्यासकांचा तर्क, पत्र्यावर तसं लिहिलेलं नाही. पण प्लिनीच्या ३० वर्षांचा उलगडा शनीपेक्षा याने कितीतरी सरळ होतो.

मग शनी आला कुठून? ग्रीक लेखक प्लूटार्कच्या एका संवादात ब्रिटनच्या पश्चिमेकडच्या बेटांची कथा येते. क्रोनस देव (ग्रीकांचा शनी) तिथे झोपलेला असतो, आणि दर ३० वर्षांनी शनी वृषभ राशीत आला की त्याच्या सेवेसाठी माणसं समुद्रमार्गे निघतात. कथा सुरेख आहे, पण ती एका ग्रीकाने दुसऱ्याच्या तोंडी घातलेली. ती माणसं ड्रुइड आहेत असं प्लूटार्क म्हणतच नाही.