बंब घेण्याआधी घरचं सरपण पाहा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक : पाणी तापवायचे बंब आणि छोटे बॉयलर

दिवाळी सरली की दुकानात पहिला प्रश्न येतो, "तांब्याचा घ्यावा की स्टीलचा?" आम्ही उलट विचारतो, घरी जाळायला काय आहे? पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या), तुराट्या, धुऱ्यावरची बाभूळ, गवऱ्या, लोणारी (लाकडाचा) कोळसा की वणी-घुग्गुसकडचा दगडी कोळसा? प्रत्येकाची ज्योत वेगळी आणि राखही वेगळी. पऱ्हाटीसाठी बनवलेल्या बंबात दगडी कोळसा घातला तर तो विझतो, नाहीतर बंबाचीच वाट लावतो. धातूचं नंतर बघू.

किती लिटरचा?

पाच माणसांचं घर धरा. माणशी १८ लिटरची एक बादली, म्हणजे ९० लिटर. जानेवारीत पहाटे टाकीतलं पाणी १८ अंशांच्या आसपास असतं आणि आंघोळीला ४२ अंश पुरतात. बंबातलं पाणी ७५ अंशांवर असेल तर एका बादलीत साधारण साडेसात लिटर कढत आणि साडेदहा लिटर गार लागतं. पाच बादल्यांचं कढत पाणी झालं ३८ लिटर. म्हणजे ४० लिटरच्या बंबात एका भरणीत घर उरकतं. २० लिटरचा घेतला तर मध्ये पुन्हा भरून थांबावं लागेल, आणि शाळेच्या वेळेला तेच जड जातं.

ह्या पाण्याला साधारण २,१६० किलोकॅलरी उष्णता लागते. वाळलेल्या पऱ्हाटीच्या किलोत साधारण ३,५०० किलोकॅलरी असतात, पण बंबात त्यातला चौथा हिस्साच पाण्यात उतरतो असं धरा. बाकीची नळीतून वर जाते. हिशेब येतो रोज अडीच किलो, हिवाळ्याच्या शंभर दिवसांना अडीच क्विंटल. एवढंच पाणी विजेच्या रॉडवर तापवायला अडीच युनिट, आणि गॅसवर किलोचा तिसरा हिस्सा. १४.२ किलोचं सिलिंडर नुसत्या आंघोळीत दीड महिनाही टिकत नाही.

जळण आणि नळी

बंबाच्या मधली नळी हीच चूल आणि हीच चिमणी. जळण वरून नळीत टाकायचं, खाली जाळी, जाळीखाली राखेचा कप्पा. पऱ्हाटी भडकन पेटते, ज्योत लांब जाते आणि निखारा लवकर मरतो. तिला नळी रुंद हवी, तीन इंच तरी, आणि उंचही हवी. नळी बुटकी असली तर ज्योत पाण्याला न शिवता वर निघून जाते. पऱ्हाटीचे वीतभर तुकडे करा. तुकडा कडकन मोडला तर वाळला आहे. नुसता वाकला तर अजून ओल आहे, आणि ती ओल वाफ होऊन जाताना तुमचंच जळण खाते. ओल्या जळणाचं डांबर नळीत आतून चिकटतं ते वेगळंच.

पेटवताना जाळी आधी झटका. दोन-चार बारीक काड्या आडव्या-तिडव्या पेटवा, त्यांनी धरलं की जाड तुकडे सोडा. नळी निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. ठासून भरली की खालून हवा येत नाही आणि धूर घरभर होतो. "बंब धूर करतो" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या बंबात बहुतेक वेळा दोनच गोष्टी सापडतात, ठासलेली नळी किंवा राखेने बुजलेली जाळी.

पऱ्हाटी साठवणाऱ्यांना एक सांगणं. न फुटलेली, किडकी बोंडं तोडून सगळ्यात आधी जाळा आणि ढीग पुढच्या पेरणीपर्यंत शेताच्या धुऱ्यावर ठेवू नका. गुलाबी बोंडअळी त्याच बोंडांत दडून बसते.

तुराटी पऱ्हाटीसारखीच जळते. बाभळीचा निखारा सगळ्यांत टिकाऊ. गवऱ्या धिम्या जळतात आणि राख फार करतात, म्हणून दर भरणीला जाळी हलवावी लागते. लोणारी कोळशाला ज्योत जवळजवळ नसते, त्यामुळे दोन इंची नळीही चालते आणि काजळी नगण्य. पण तो बिनधुराचा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, त्याबद्दल पुढे आहे.

दगडी कोळसा बंबात घालू नका. तो पेट घ्यायलाच वेळ लावतो, खालून भरपूर हवा मागतो, आणि आपल्याला तर तास-दीड तासाचंच काम असतं. त्यातल्या गंधकाने तांब्याची नळी काळी पडते, खपल्या निघून पातळ होत जाते.

तांबं, पितळ, स्टील

तांब्यात पाणी लवकर तापतं ही अर्धीच खरी गोष्ट आहे. तांबं स्टीलपेक्षा वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं, हे बरोबर. पण एक मिलिमीटरच्या पत्र्यात त्याने फारसा फरक पडत नाही, कारण खरा अडसर पत्र्याचा नसून पत्र्यावरच्या काजळीचा असतो. काजळी खरवडलेला स्टीलचा बंब काजळी भरलेल्या तांब्याच्या बंबापुढे जातो. तांब्याचा खरा फायदा असा की तो डाख देऊन पुन्हा पुन्हा दुरुस्त होतो आणि शेवटी मोडीत वजनावर विकला जातो.

पत्र्याची जाडी मात्र विचाराच. टाकीला २२ गेज, म्हणजे ०.७ मिलिमीटर, चालतो. नळीला २० गेज, ०.९ मिलिमीटर, घ्या. २४ गेजची टाकी अंगठ्याने दाबली तर पोचते. नळीचा जोड पितळी झाळीचा आहे की कथलाच्या डाखाचा, हेही विचारा. कथलाचा डाख सव्वादोनशे अंशांच्या आतबाहेर वितळतो. नळीभोवती पाणी आहे तोवर पत्रा फार तापत नाही आणि डाख टिकतो. पाणी संपलं आणि आत निखारे असले की काही मिनिटांत जोड सुटतो. गळका म्हणून आलेला बंब कोरडा जळलेला आहे का, हे नळीच्या रंगावरूनच कळतं.

स्टील घेत असाल तर बिलावर "३०४" ही स्टीलची प्रत लिहून घ्या. स्वस्त बंब २०२ चे असतात. लोहचुंबक लावून काही कळत नाही, तो दोन्हींना जवळपास सारखाच चिकटत नाही.

तोटी वर की खाली

वर तोटी असलेल्या बंबात नरसाळ्यातून गार पाणी तळाशी जातं आणि वरचं गरम पाणी तोटीतून बाहेर पडतं. जेवढं ओताल तेवढंच निघेल, म्हणून बंब कधी कोरडा पडत नाही. घरात म्हातारी माणसं किंवा पोरं पाणी काढत असतील तर हाच घ्या. खालच्या तोटीचा वापरायला सोपा, पण बादलीभर काढलं की बादलीभर ओतलंच पाहिजे.

वाफ जायची वाट बंद करू नका. झाकण तारेने बांधणं, तोंडाला बूच मारणं, बंबाच्या नळाला दोन्हीकडे व्हॉल्व्ह लावणं, हे प्रकार आम्ही करून देत नाही. उघड्या तोंडाचा, शंभर अंशांखाली चालणारा बंब बॉयलरच्या कायद्यात येत नाही. वाफ कोंडली की तो बंब राहत नाही, बॉम्ब होतो.

तुमच्या गावचं पाणी

दर्यापूरकडच्या खारपाण पट्ट्यात पाण्यात मीठ जास्त. त्याने स्टीलला वेल्डिंगच्या कडेला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. तिकडे तांबं घ्या आणि रात्री पाणी काढून ठेवा. कठीण पाण्याच्या बोअरवर प्रश्न पांढऱ्या थराचा. पाणी तापताना खदखद-फटफट आवाज येऊ लागला की नळीवर थर साचला समजा. २० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम सायट्रिक अॅसिड (किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व) घालून ६० अंशांपर्यंत तापवा, विस्तव काढा, दोन तासांनी सोडून द्या, दोनदा खळखळून धुवा. संडास धुवायचं अॅसिड वापरू नका, ते थराबरोबर डाखही खातं.

बंबाचं पाणी पिऊ नका, डाखात शिसं असू शकतं. आणि फ्लोराइड असलेलं पाणी तापवून सुरक्षित होत नाही.

ठेवायचा कुठे

पडवीत, दोन बाजू मोकळ्या असलेल्या टिनाच्या शेडखाली. कवेलूच्या छपराखाली ठेवत असाल तर नळीवर पत्र्याची टोपी लावा आणि लाकडी आढ्यापासून हातभर लांब ठेवा. न्हाणीत, दार लावून, कधीही नाही. कोळशाचा वायू दिसत नाही, वास येत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग माणूस उठूच शकत नाही. धुराने निदान खोकला तरी येतो.

आश्रमशाळा, वसतिगृहांसाठी

दगडी कोळसा इथे उपयोगी पडतो. ६० मुलं, माणशी १५ लिटर, म्हणजे ९०० लिटर, १८ वरून ४० अंशांवर. उष्णता लागते १९,८०० किलोकॅलरी. दोन तासांत तापवायचं तर तासाला दहा हजार किलोकॅलरीचा बॉयलर हवा. ४,५०० किलोकॅलरीचा कोळसा आणि निम्म्याहून थोडी जास्त कार्यक्षमता धरली तर आठ किलो लागतो, पेटवणीसह दहा धरा. त्यातून तीनेक किलो राख निघेल. ती टाकायची जागा आधी ठरवा.

स्टोकरमध्ये (कोळसा आपोआप भरणाऱ्या बॉयलरमध्ये) हॉपरमधला, म्हणजे पेटीतला, कोळसा मोटरवरचा स्क्रू आपोआप विस्तवाखाली ढकलतो आणि पंखा हवा देतो. ह्याला १० ते २५ मिलिमीटरचा चाळलेलाच कोळसा लागतो. भुकटी जास्त असेल तर हवा अडते, मोठा दगड आला तर स्क्रू अडकतो आणि शिअर पिन तुटते. ती तुटण्यासाठीच असते. तिच्या जागी खिळा ठोकलात तर पुढच्या वेळी गिअरबॉक्स जाईल. वीज गेली की पंखा थांबतो आणि विस्तव स्क्रूमधून मागे हॉपरकडे सरकू लागतो. म्हणून हॉपरचं झाकण हवाबंद पाहिजे आणि स्क्रू हाताने फिरवायची सोय पाहिजे.

आमचं मत विचाराल तर रोज दोनच तास चालवायचं असेल तर स्टोकर घेऊ नका, हाताने भरायचा बॉयलर पुरतो. छतावर जागा असेल तर सौर हीटर बसवा आणि ढगाळ दिवसांपुरता बॉयलर ठेवा. आपल्याकडे हिवाळ्यात ऊन मुबलक असतं.

दुकानात येताना घरातली माणसं किती, जळण कोणतं, ठेवायच्या जागेची उंची किती ते लिहून आणा, आणि बोअरचं पाणी बाटलीभर घेऊन या. दुरुस्तीचे बंब दसऱ्याच्या आत द्या. द्यायच्या आधी नळीतली काजळी काढा. काथ्या गुंडाळलेल्या काठीने दोन्ही टोकांकडून घासली की निघते, आणि गळती कुठे आहे ते तुम्हालाही दिसेल.