सामान्यज्ञान

सामान्यज्ञान म्हणजे एखाद्या विषयाचा रीतसर अभ्यास न करता वाचनातून, ऐकण्यातून आणि शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यांतून माणसाकडे साचत गेलेली सुटी माहिती. इतिहास, विज्ञान, भाषा, नाटक-सिनेमा, खेळ असे सगळेच तिच्यात येते. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले तिला ‘जीके’ म्हणतात. एका ओळीचा प्रश्न आणि एका शब्दाचे उत्तर हा तिचा ठरलेला घाट आहे. या घाटामुळे माहिती चटकन पाठ होते आणि याच घाटामुळे ती बिघडतेही. जवळजवळ प्रत्येक उत्तराला एक अट चिकटलेली असते: ‘प्रवासी गाडी’, ‘समुद्रसपाटीपासून’, ‘पदवी घेणारी’. पाठांतरात ही अट आधी गळते आणि मग बरोबर उत्तर हळूहळू चुकीचे होते.

इंग्रजीत अशा माहितीला ‘ट्रिव्हिया’ म्हणतात. त्यामागच्या लॅटिन ‘ट्रिव्हियम’ शब्दाचा अर्थ तीन रस्ते मिळतात ती जागा, म्हणजे आपला कोकणातला तिठा. मध्ययुगीन युरोपात व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन प्राथमिक विद्यांनाही हेच नाव होते. ‘क्षुल्लक’ हा अर्थ त्याला नंतर चिकटला.

हुमाण आणि प्रश्न

मराठीत प्रश्नोत्तरांचा खेळ जुना आहे. हुमाण, कोडे, उखाणा ही त्याचीच रूपे. ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’ असे आजीने विचारले की पोराने ‘जीभ’ म्हणायचे. महाभारताच्या वनपर्वात यक्ष युधिष्ठिराला विचारतो की वाऱ्याहून वेगवान काय, आणि उत्तर येते ‘मन’. या दोन्ही प्रकारांत उत्तर विचार करून काढता येते; हुमाणात तर ते प्रश्नाच्या पोटातच दडलेले असते. सामान्यज्ञानाच्या प्रश्नाचे तसे नाही. ‘दर्पण कधी निघाले?’ याचे उत्तर (६ जानेवारी १८३२, संपादक बाळशास्त्री जांभेकर) कितीही डोके चालवले तरी सापडणार नाही, ते आधीच ठाऊक असावे लागते. म्हणून इथे ज्याने सांगितले त्याच्यावर सगळा भरवसा, आणि सांगणाऱ्याने अट गाळली तर ऐकणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो.

‘पहिला’ आणि ‘पहिली’

सामान्यज्ञानाचा सर्वांत मोठा साठा ‘पहिल्यां’चा आहे, आणि सर्वाधिक गोंधळही तिथेच आहे. भारतातील पहिली स्त्री डॉक्टर कोण, या प्रश्नाला महाराष्ट्रात एकच उत्तर येते: आनंदीबाई जोशी. त्यांनी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून पदवी घेतली. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या कक्षाचे काम त्यांच्याकडे यायचे ठरले होते. परंतु क्षयाने त्यांना गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविशीही पुरी होण्याआधी, पुण्यात त्या गेल्या. त्याच १८८६ साली कादंबिनी गांगुली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडल्या आणि त्यांनी पुढे प्रत्यक्ष रुग्ण तपासले. बंगालमध्ये हाच प्रश्न विचारला तर त्यांचे नाव पुढे येते. तिसरे नाव रखमाबाईंचे. नवऱ्याच्या घरी नांदायला जाण्यास नकार देऊन त्यांनी जो खटला अंगावर घेतला तो देशभर गाजला. नंतर त्या लंडनला शिकल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि सुरतेच्या रुग्णालयात त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. ‘परदेशी पदवी घेणारी’, ‘भारतात शिकून व्यवसाय करणारी’ अशी एकेक अट जोडत गेले की तिघींनाही आपापली जागा मिळते. एकाच नावावर बोट ठेवायला लावणाऱ्या प्रश्नात मात्र दोघी पुसल्या जातात, आणि हे नुकसान मोठे आहे.

सिनेमातले उदाहरण याच वळणाचे आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावातल्या कोरोनेशन चित्रपटगृहात लोकांसाठी लागला. त्याच चित्रपटगृहात जवळपास वर्षभर आधी, १८ मे १९१२ रोजी, दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ दाखवला गेला होता. मग पहिला मान तोरण्यांना का नाही? कारण ‘पुंडलिक’ हे रंगमंचावरच्या नाटकाचे चित्रण होते, कॅमेरा इंग्रज माणसाने चालवला होता आणि फिल्मवरची प्रक्रिया लंडनला झाली होती. फाळक्यांनी कथा पडद्यासाठी रचली आणि सगळी कामे इथेच केली. ‘पूर्ण लांबीचा भारतीय कथापट’ या शब्दांत फाळक्यांचा मान सुरक्षित आहे. ‘पहिला सिनेमा’ एवढेच म्हटले की तोरण्यांवर अन्याय होतो.

रेल्वेचे थोडक्यात सांगता येईल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी, १४ डबे आणि तीन इंजिने, सुमारे ३४ किलोमीटर, ही देशातली पहिली ‘प्रवासी’ गाडी होय. मद्रासजवळ रेड हिल्स भागात १८३७ मध्ये दगड वाहण्यासाठी रूळ घातले गेले होते आणि रुरकीला गंगेच्या कालव्याच्या कामावर १८५१ मध्ये वाफेचे इंजिन माती ओढत होते.

मापे आणि व्याख्या

विज्ञानातल्या प्रश्नांत अट बहुतेक वेळा मापाची असते. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते हे प्रत्येक मुलाला पाठ असते; पण ते समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला. उंचीवर हवा विरळ होते, दाब उतरतो आणि पाणी लवकर उकळते. महाबळेश्वरला ते सुमारे ९५-९६ अंशांना उकळते, लेहमध्ये ८८ अंशांच्या आसपास, तर एव्हरेस्टच्या माथ्यावर ७१ अंशांच्या जवळपास. लेहला उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही ती याच कारणाने: पाणी खळखळत असते, पण पुरेसे तापलेले नसते. कुकर दाब वाढवतो, म्हणजे हरवलेली अट पातेल्याला परत मिळवून देतो.

सर्वांत उंच पर्वत कोणता? समुद्रसपाटीपासून मोजले तर एव्हरेस्ट. त्याची उंची १८५६ मध्ये २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. त्यामागच्या गणितात राधानाथ सिकदार यांचा मोठा वाटा होता. नेपाळ आणि चीनने डिसेंबर २०२० मध्ये मिळून जाहीर केलेला आकडा ८,८४८.८६ मीटर आहे. पायथ्यापासून मोजले तर हवाईचा मौना केआ वरचढ ठरतो, कारण त्याचा अर्ध्याहून अधिक भाग समुद्राखाली आहे. पृथ्वीच्या केंद्रापासून मोजले तर मान इक्वेडोरच्या चिंबोराझोला जातो. त्याची उंची जेमतेम ६,२६३ मीटर, पण पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली असल्याने त्याचा माथा केंद्रापासून एव्हरेस्टपेक्षा सुमारे दोन किलोमीटर दूर आहे. आपल्या कळसूबाईचे १,६४६ मीटर मात्र कुणी वादात ओढलेले नाहीत.

कधी वस्तू तीच राहते आणि व्याख्या बदलते. १९३० साली सापडलेला प्लूटो ७६ वर्षे नववा ग्रह होता. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्रागमध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाला आपली कक्षा इतर पिंडांपासून मोकळी केलेली असावी अशी अट घातली आणि प्लूटो बटुग्रहांत गेला. बाजारातला शब्द आणि शास्त्रातला शब्द यांचीही अशीच फारकत असते. वनस्पतिशास्त्रात ‘बेरी’ ज्याला म्हणतात त्या व्याख्येत जळगावचे केळे बसते. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी नावात बेरी असूनही बसत नाही. तिचा लाल गर हा फुलाच्या देठाचे टोक फुगून झालेला असतो, आणि दातात अडकणारे बारीक दाणे हीच तिची खरी फळे.

भाषा, आणि न मरणाऱ्या चुका

मराठीतला पहिला लेख म्हणून कर्नाटकातल्या श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या मूर्तीपाशी कोरलेले ‘श्री चावुण्डराजें करवियलें’ (चावुंडराजाने करवून घेतले) हे वाक्य पिढ्यान् पिढ्या पाठ केले गेले. गोमटेश्वराची मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरची, म्हणून वाक्यही तेव्हाचे असे धरले जाई. पण त्याच्याच सोबत बाराव्या शतकातल्या गंगराजाचे नाव असलेली ओळ आहे, आणि दोन्ही ओळी नंतर एकदमच कोरल्या असाव्यात असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. अलिबागजवळच्या अक्षी येथील शिलालेखाचा शक ९३४ वाचला तर तो १०१२ चा ठरतो, पण त्या वाचनावर एकमत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलच्या लेखात शके ९४०, म्हणजे १०१८, हे वर्ष आहे, आणि त्यात ‘जो हे वाचील तो विजयी होईल’ अशा अर्थाची ओळ आहे. या तीन दगडांची ही चर्चा एका पर्यायात कोंबण्यापेक्षा विद्यार्थ्यांना सगळीच सांगावी असे मला वाटते. जुने मराठी वाचणे किती कष्टाचे आहे ते त्यातूनच कळते.

काही उत्तरे तर मुळातच नसलेली आहेत. राज्यघटनेच्या कलम ३४३ नुसार हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे. ‘राष्ट्रभाषा’ असा दर्जा घटनेने कोणत्याच भाषेला दिलेला नाही. हॉकी हा राष्ट्रीय खेळ असल्याचे कित्येक पुस्तकांत छापलेले आहे, पण माहिती अधिकारातल्या एका शाळकरी मुलीच्या अर्जाला २०१२ मध्ये सरकारने उत्तर दिले की असा कोणताही खेळ घोषित झालेला नाही. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, हे वाक्यही असेच चिवट. चंद्र तर लांबच राहिला, पृथ्वीभोवती फिरून आलेले चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई यांनी २००३ मध्ये ती आपल्याला दिसली नाही असे सांगितले.

खेळ आणि कार्यक्रम

प्रश्नमंजुषेला इंग्रजीत ‘क्विझ’ म्हणतात. डब्लिनच्या एका नाटकगृहाच्या मालकाने पैज जिंकण्यासाठी हा शब्द रातोरात भिंतींवर लिहवून घेतला, अशी कथा सांगतात. पण शब्द त्याआधीच छापील इंग्रजीत आढळतो. भारतात खुल्या प्रश्नमंजुषेची सुरुवात नील ओब्रायन यांनी १९६७ मध्ये कलकत्त्यात केली. १९७२ पासून रेडिओवर ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ आली, आधी हमीद सयानी आणि त्यांच्यानंतर अमीन सयानी यांच्या आवाजात. दूरदर्शनवर १९८५ मध्ये सिद्धार्थ बसू यांचा ‘क्विझ टाइम’ सुरू झाला.

३ जुलै २००० रोजी सुरू झालेल्या ‘कौन बनेगा करोडपती’ने सामान्यज्ञान घराघरांत जेवणाच्या वेळेला आणून बसवले. त्याच वर्षी मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले एक कोटीचे मानकरी झाले. त्यांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होते महान्यायवादी. कलम ८८ प्रमाणे हा अधिकारी संसदेचा सदस्य नसतानाही दोन्ही सभागृहांत बोलू शकतो, कामकाजात भाग घेऊ शकतो. त्याला मत मात्र देता येत नाही. पुढे २०१३ मध्ये सचिन खेडेकर यांच्या सूत्रसंचालनाखाली ‘कोण होईल मराठी करोडपती’ आले.

माहितीवर मालकी कोणाची, हा प्रश्न अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला. फ्रेड वर्थ या कोशकाराने आपल्या पुस्तकात मुद्दाम एक खोटी नोंद पेरली होती: दूरचित्रवाणीवरच्या कोलंबो या गुप्तहेराचे पहिले नाव ‘फिलिप’. मालिकेने ते नाव कधीच दिलेले नव्हते. कॅनडात तयार झालेल्या ‘ट्रिव्हियल पर्सूट’ या पटावरच्या खेळात हेच उत्तर छापून आले, तेव्हा वर्थने १९८४ मध्ये तीस कोटी डॉलरचा दावा लावला. खेळाच्या कर्त्यांनी त्याची पुस्तके वापरल्याचे कबूल केले, तरी वर्थ हरला. तथ्यांवर कुणाचा स्वामित्वहक्क नसतो, असे न्यायालयांनी ठरवले. ‘फिलिप’ हे तथ्य नव्हतेच, पण ते तथ्य म्हणून छापले होते.

जुनी होणारी उत्तरे

महाराष्ट्र लोकसेवा आयोगापासून पोलीस भरती आणि तलाठी भरतीपर्यंत सामान्यज्ञानाची प्रश्नपत्रिका किंवा तिचा भाग ठरलेला असतो, आणि त्यासोबत ‘चालू घडामोडी’. या दोहोंतली सीमा सतत सरकते. १ मे १९६० रोजी राज्यात २६ जिल्हे होते. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग आणि जालना झाले, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर आला तेव्हा संख्या ३६ झाली. औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर ही नावे बदलून छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर झाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला, आणि ‘अभिजात भाषा कोणत्या’ या प्रश्नाचे पाठ केलेले उत्तर एका दिवसात अपुरे पडले. वापरलेली पुस्तके वर्गा-वर्गातून, भावंडा-भावंडांतून पुढे जातात. तेव्हा मुखपृष्ठ फाटले तरी आवृत्तीचे वर्ष असलेले पान जपून ठेवावे लागते.