होल सॉ जोरात फिरवला की भोक लवकर पडतं?

पुण्याजवळच्या भोसरीतल्या कारखान्यांच्या शेडांपासून घरच्या गॅलरीपर्यंत हा सल्ला फिरतो: पत्र्यात होल सॉने (ड्रिलला लावायची दातेरी वाटी) गोल भोक पाडायचं तर ड्रिल फुल स्पीडला लावा. लाकडात ते बऱ्यापैकी चालतं, म्हणून पटतंही. लोखंडात मात्र उलटं होतं.

महत्त्वाचा असतो तो दाताचा वेग. ६० मिमीच्या होल सॉचा दात एका फेरीत जवळपास १९ सेंटिमीटर जातो. २८०० आरपीएमला (मिनिटाला २८०० फेऱ्या) मिनिटाला सुमारे ५२८ मीटर! हायस्पीड स्टीलच्या दाताला साध्या लोखंडात २५-३० मीटरच मानवतात, म्हणजे साधारण १५० आरपीएम. (‘हायस्पीड’ हे नाव जुन्या कार्बन स्टीलच्या तुलनेत पडलंय, घोटाळा तिथेच होतो.) जास्त वेगात दात घासतात, तापतात, निळे पडतात, त्यांचं पाणी (कडकपणा) उतरतं.

पडताळायचंय? भंगारातली पट्टी क्लॅम्पने घट्ट आवळा, गॉगल घाला, कटिंग ऑइलचे दोन थेंब टाका. आधी लो गिअरवर हळू, दाब देऊन कापा: चकचकीत, वळलेला कीस निघेल. मग क्षणभरच वेग वाढवा. चिरका आवाज, धूर आणि बारीक भुकटी. भोक तिथल्या तिथेच.