एआय बसवायच्या आधी खाती नीट करून घ्या

नमस्कार मंडळी,

सध्या आमच्या लातूरच्या ऑफिसला पतसंस्था, अर्बन बँका, जिल्हा बँकांच्या शाखा असे सगळेच विचारायलेत, की एआय बसवून द्या, कोणतं कर्ज थकणार ते आधीच कळलं पाहिजे. बसवून देऊ, पण त्याआधी तुमचा डेटा बघू द्या, कारण मशीन तुमच्या जुन्या नोंदी वाचूनच शिकतं आणि नोंद चुकली की ते चुकीचंच शिकून बसतं.

आता हे बघा. एका बँकेत आम्हाला एकाच माणसाची खाती तीन वेगळ्या ग्राहक नंबरांखाली सापडली, एकात आडनाव आधी, एकात नाव आधी, तिसऱ्यात वडिलांचं नावच नाही. पत्ता एकीकडं उस्मानाबाद अन् दुसरीकडं धाराशिव. 2023 ला नाव बदललं हे आपल्याला माहीत, मशीनला ती दोन गावं. बरं, जन्मतारखेवरून जुळवावं तर आपल्याकडं किती जणांची तारीख 1 जून आहे, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली, त्यामुळं दोन वेगळी माणसं एक व्हायची भीती. मोबाईल तर पिग्मी एजंटचाच पाच-दहा खात्यांना. म्हणून आम्ही आधी पॅन धरून जुळवतो, पॅन नसेल तिथं शाखेत बसून कागद काढतो. वेळ लागतो, पण दुसरा रस्ता नाही.

सगळ्यात जास्त जपायचं ते पीककर्ज. 2017 आणि 2019 च्या कर्जमाफीत मिटलेली खाती आम्ही बघितलेल्या फायलींत नुसती 'क्लोज्ड' दिसली. मशीनला वाटणार शेतकऱ्यानं स्वतः भरले, आणि राईट-ऑफ टाकलं असेल तर वाटणार त्यानं बुडवले. दोन्ही खरं नाही, त्या खात्यांना वेगळा कोड पाहिजेच. शिवाय सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास हातात येतो, अन् पगारदारांच्या खात्यांवर शिकलेलं मशीन अशा शेतकऱ्याला जुलैतच धोक्यात टाकतं. रिझर्व्ह बँकेचा एनपीएचा, म्हणजे कर्ज थकीत ठरवायचा नियमसुद्धा एरवी 90 दिवसांचा अन् कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगामांचा, मग तुमच्या डेटात पीक अन् हंगाम यांचा रकाना नको का? तो नसेल तर चांगल्या शेतकऱ्याचं कर्ज अडेल, हे आम्हाला मनापासून नको आहे.

अजून एक, ग्राहकांच्या आधार, मोबाईलची एक्सेल फाईल कुणीही फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकू नका. 2023 चा डेटा संरक्षण कायदा आहेच, पण त्याहीपेक्षा लोकांनी विश्वासानं दिलेली माहिती आहे ती.

पहिल्या भेटीला फक्त एका शाखेची, नाव-नंबर झाकलेली शंभर खाती द्या, पासवर्ड नको. आणि खातं नंबर ऐकून गाव सांगणारा एखादा जुना क्लार्क असतोच शाखेत, त्यांना तेवढा अर्धा दिवस मोकळं ठेवा.